डॅफ्निया अ‍ॅक्यूट टेस्ट: दोन रनचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कुठे बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी करून नुकतंच टेस्टिंग लॅबमध्ये लागलेल्या एकाला डॅफ्निया मॅग्नावरची (पाण्यातला पिसवेएवढा बारीक कवचधारी प्राणी) ४८ तासांची टेस्ट दिलीय, ओईसीडीची गाइडलाइन नंबर २०२. सॅम्पल एक पेस्टिसाइड इंटरमीडिएट आहे, पाण्यात जेमतेम १२ मिलिग्रॅम प्रति लिटर विरघळतं म्हणून अ‍ॅसिटोनमध्ये स्टॉक करून घातलं. कॉन्सन्ट्रेशन १ पासून २२ पर्यंत. पहिल्या रनमध्ये ईसी५० (ज्या कॉन्सन्ट्रेशनला निम्मी पिल्लं पोहायची थांबतात ते) आला ४.१, दुसऱ्यात ११, कंट्रोल (केमिकल न घातलेली भांडी) दोन्ही वेळा पास. सीनियर म्हणतात तिसरी रन लाव, तीनमधला मधला आकडा धर. हे बरोबर आहे का, आणि गडबड नेमकी कुठे होतेय?

आधी तिसरी रन थांबवा. मधला आकडा धरणं ही काय पद्धत नाही, आणि तिसरी रन तशीच लावली तर तिसराच आकडा येईल आणि मग तुम्ही चौथी लावाल. या टेस्टमध्ये लोक सगळं लक्ष त्या ४८ तासांवर देतात, इनक्युबेटरचं तापमान किती, कोणी किती मोजले, वगैरे. खरं म्हणजे पिल्लं बीकरमध्ये पडायच्या आधीच निकाल बराचसा ठरलेला असतो, आणि तो दोन गोष्टींनी ठरतो: पाण्यात तुमचं केमिकल खरोखर किती आहे आणि पिल्लं कुठल्या आयांची आहेत. तुमच्या केसमध्ये मला पहिल्या गोष्टीचा संशय जास्त आहे म्हणून तिथूनच सुरू करतो.

तुम्ही जे ४.१ आणि ११ म्हणताय ते नॉमिनल आहेत ना? म्हणजे वजन करून टाकलं तेवढं. पाण्यात मोजलं का कोणी? प्रश्नात एचपीएलसीचा (पाण्यात केमिकल किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) उल्लेखच नाहीये म्हणून विचारतोय. गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की किमान सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं कॉन्सन्ट्रेशन सुरुवातीला आणि शेवटी मोजा, आणि मोजलेलं नॉमिनलच्या २० टक्क्यांच्या आत राहिलं नाही तर निकाल मोजलेल्या आकड्यावर द्या. आता १२ मिलिग्रॅम विरघळणारं सॅम्पल २२ मिलिग्रॅमच्या बीकरमध्ये टाकल्यावर उरलेले दहा कुठे गेले? कुठेतरी गेलेत. तळाला, काचेला, पृष्ठभागावर, नाहीतर डोळ्याला न दिसणारे बारीक कण होऊन पाण्यात तरंगत. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण बीकर स्वच्छ दिसतो आणि माणूस लिहून टाकतो ‘क्लिअर सोल्यूशन’. खोलीतला दिवा बंद करा आणि बाजूने लेझर पॉइंटर मारा. किरणाची रेघ पाण्यात लख्ख दिसली की कण आहेत, खरं सोल्यूशन असेल तर रेघ जवळजवळ दिसत नाही. कंट्रोलच्या पाण्यावर पण मारून बघा म्हणजे फरक कळेल.

आणि कण असले तर नुसता आकडा चुकतो असं नाही, टेस्टच वेगळी होते. डॅफ्निया पाणी गाळून खाते, दिवसभर तिचे पाय पाणी आत ओढत असतात आणि त्यातले बारीक कण पोटात जातात. म्हणजे विरघळलेल्या केमिकलचा परिणाम बाजूला राहतो आणि गाळणी चोंदून, अंगाला कण चिकटून ती बसते. मायक्रोस्कोपखाली बघा, दुसऱ्या जोडीच्या स्पर्शिकांवर, म्हणजे ज्यांनी ती पोहते त्यांच्या केसांवर पांढरा चुरा दिसला तर ते विष नाही, नुसतं ओझं आहे. विद्राव्यतेच्या वरचा परिणाम या टेस्टमध्ये धरतच नाहीत, निदान धरू नये.

अ‍ॅसिटोनबद्दल. लिटरला ०.१ मिलिलिटरच्या वर जायचं नाही, आणि सगळ्या बीकरमध्ये तेवढंच, सॉल्व्हेंट कंट्रोलमध्येही (नुसतं अ‍ॅसिटोन घातलेल्या भांड्यांतही) तेवढंच. बऱ्याच जणांची समजूत असते की सॉल्व्हेंट घातलं की विद्राव्यता वाढते. इतक्या थोड्या अ‍ॅसिटोनने काहीच वाढत नाही, ते फक्त पोचवायचं काम करतं. आणि ते कसं घालता यावर सगळं अवलंबून. पाणी स्टररवर फिरतंय आणि सिरिंजची सुई पाण्याच्या आत धरून हळूहळू सोडलं तर बरं मिसळतं, तेच वरून एका दमात थेंब टाकला तर थेंबाच्या जागी क्षणभर प्रचंड कॉन्सन्ट्रेशन होतं आणि तिथल्या तिथे क्रिस्टल पडतात, मग ते परत विरघळायला दिवस लागतात. दोन रन दोन वेगळ्या माणसांनी बनवल्या असतील तर एवढ्यानेही फरक पडू शकतो. लॅब नोटबुकमध्ये बघा कोणी बनवलं आणि स्टॉक कधीचा होता, पहिल्या रनचा स्टॉक फ्रीजमध्ये ठेवून तोच दुसऱ्या रनला वापरला असेल तर तोही संशयित. थंडीत स्टॉकमधून बाहेर पडलेला माल खोलीत आणल्यावर लगेच परत जात नाही, आणि वरचा पातळ भाग पिपेटमध्ये आला की झालं, ईसी५० आपोआप चढला. तुमचा दुसरा आकडा चढलाच आहे.

भांडं काय होतं? पॉलिस्टायरीनची वेल प्लेट की काचेचा बीकर? गाइडलाइन म्हणते प्रत्येक प्राण्यामागे निदान २ मिलिलिटर, म्हणजे पाच पिल्लांना १० मिलिलिटर चालतं, पण कमी पाण्यात भिंत जास्त येते आणि पाण्यात न रमणारं केमिकल भिंतीला जाऊन बसतं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडचं तर विचारूच नका, तिथे मायक्रोग्रॅमच्याही खालची भाषा असते आणि प्लास्टिक अर्धा माल गिळतं. तुमच्यासारख्या सॅम्पलला काचच, आणि शक्यतो ५० मिलिलिटरचा बीकर. फिल्टरबद्दलही हेच, सिरिंज फिल्टरने गाळलं तर पहिले काही मिलिलिटर फेकून द्या कारण मेंब्रेन आधी स्वतःचं पोट भरतो. शंका असेल तर सेंट्रिफ्यूज बरा.

माझं मत विचाराल तर या सॅम्पलला सॉल्व्हेंट लागतच नाही. १२ मिलिग्रॅम ही काही अगदीच कमी विद्राव्यता नाही. जास्तीचा माल पाण्यात टाका, झाकून स्टररवर २४ ते ४८ तास फिरू द्या, बसू द्या, गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा, जे आलं ते तुमचं संपृक्त द्रावण, ते मोजा आणि त्यात पाणी वाढवत त्याच्या पातळ्या करा. अवघड सॅम्पलसाठी ओईसीडीचं वेगळं गाइडन्स डॉक्युमेंट आहे, नंबर २३, २०१९ मध्ये सुधारलेलं, त्यात हे सगळं सविस्तर आहे, एकदा निवांत वाचा. फक्त एक, फिरवताना तुमचा पदार्थ पाण्यात तुटत नाही ना हे आधी बघा. काही एस्टर, अ‍ॅसिड क्लोराइड वगैरे पाण्यात काही मिनिटांत नाहीतर तासांत तुटतात, मग तुम्ही टेस्ट करताय ती आईची (मूळ पदार्थाची) की लेकीची (तुटून झालेल्याची) तेच कळत नाही. आणि सॅम्पल जर एकच पदार्थ नसून तेलासारखं मिश्रण असेल तर पातळ्या करायच्या नाहीत, प्रत्येक लोडिंगचं (लिटरमागे टाकलेल्या मालाचं) पाणी वेगळं बनवायचं आणि निकालाला ईसी५० न म्हणता ईएल५० म्हणायचं. उडून जाणारं असेल तर बूच लावलेली भांडी, वर हवा न ठेवता.

आता आया. डॅफ्निया मॅग्ना चांगल्या परिस्थितीत नराशिवाय पिल्लं देते, त्या सगळ्या आईच्या हुबेहूब प्रती. म्हणजे तुमच्या दोन रनच्या पिल्लांत जनुकांचा फरक नाही, जो फरक आहे तो खाण्याचा, पाण्याचा आणि वयाचा. २० डिग्रीला आठवड्या-दहा दिवसांनी पहिला बाळंतपणाचा घाणा येतो, मग साधारण दर तीन दिवसांनी. पहिल्या घाण्याची पिल्लं टेस्टला घ्यायची नाहीत, गाइडलाइनमध्येच आहे, आणि वय २४ तासांच्या आत. इथे लॅबमध्ये काय होतं, आदल्या संध्याकाळी पाच वाजता आया वेगळ्या करायच्या ठरतं, मग कोणीतरी ते न करताच सहाला निघून जातो, सकाळी अकराला येऊन जी काय बारकी दिसतात ती सगळी गोळा. त्यात तीस तासांचीही असतात. चोवीस तासांची अट कागदावर पाळली जाते, बीकरमध्ये नाही. आया चाळणीत लटकवून ठेवा, पिल्लं खाली पडतात आणि वेळ पक्की कळते.

कल्चरची तब्येत बघायला कुठलं मशीन लागत नाही, डोळे लागतात. काळ्या पाटीवर बीकर ठेवा. निरोगी मादीचं पोट हिरवट, पाठीवरच्या पिशवीत अंडी किंवा डोळे आलेली पिल्लं, उडी एकसारखी. वाईट कल्चरमध्ये पाठीवर खोगिरासारखा काळा ठिपका दिसायला लागतो, ते एफिपियम, म्हणजे टिकाऊ अंड्याचं कवच. ते दिसलं किंवा नर दिसायला लागले किंवा पहिला घाणा उशिरा आला किंवा रंग फिका पडला की समजायचं कल्चर ताणात आहे, त्याची पिल्लं टेस्टला नकोत. कारण बहुतेक वेळा गर्दी, उपासमार, नाहीतर तापमानाचा धक्का. आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली आणि कल्चर रूमला यूपीएस नसला की दोन तासांत पाणी २६-२७ ला जातं, टेस्ट इनक्युबेटरला बॅकअप असतो, कल्चरला नसतो, हा उलटा न्याय मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय. टेस्टची अट काय तर १८ ते २२ च्या दरम्यान आणि एका टेस्टमध्ये एक डिग्रीच्या आत. मग कल्चरला दुसरा नियम का?

खायला काय घालता हेही सांगितलेलं नाही. क्लोरेला किंवा राफिडोसेलिस (हिरवी सूक्ष्म शेवाळं), जे असेल ते ताजं आणि मोजून. यीस्टवर वाढवलेल्या आया दिसतात ठीक, पिल्लं दुबळी निघतात आणि कंट्रोल मात्र पास होतो, कारण साध्या पाण्यात पोटातल्या अंड्याच्या बलकावर ती ४८ तास काढतात. म्हणून तुमचं ‘कंट्रोल पास’ मला फारसं काही सांगत नाही. कंट्रोलमध्ये न पोहणारी १० टक्क्यांपर्यंत म्हणजे वीसमध्ये दोन असली तरी चालतं, ही किमान अट झाली.

पाणी. आयएसओ पाणी (ठरलेल्या कृतीचं टेस्टचं पाणी) बनवत असाल तर कॅल्शियम क्लोराइड २९४, मॅग्नेशियम सल्फेट १२३.२५, सोडियम बायकार्बोनेट ६४.७५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.७५ मिलिग्रॅम लिटरमागे (पहिली दोन मीठं पाणी धरून, डायहायड्रेट आणि हेप्टाहायड्रेट, बाटलीवर कुठलं आहे ते वाचा, निर्जल कॅल्शियम क्लोराइड तेवढ्याच वजनाने घातलेला मी पाहिलाय). कडकपणा येतो २५० च्या आसपास. कल्चर एम४ किंवा एम७ (कल्चरसाठीची तयार कृतीची पाणी) मध्ये आणि टेस्ट आयएसओ पाण्यात करत असाल तर आया निदान ४८ तास आधी टेस्टच्या पाण्यात आणून ठेवा. आणि धातूचं सॅम्पल असेल तर एम४, एम७ विसरा, त्यात ईडीटीए असतं, ते तांबं-जस्त पकडून ठेवतं आणि तुमचं कॉपर सल्फेट साखरेसारखं निरुपद्रवी दिसायला लागतं. कडक पाण्यातसुद्धा तांब्याचं विष कमी होतं, त्यामुळे धातूंचा ईसी५० पाण्याच्या कडकपणाशिवाय सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं.

नळाचं पाणी क्लोरीन काढून वापरणारी लॅब असेल तर पावसाळ्यात सावध. गढूळ पाणी आलं की जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचा डोस वाढतो आणि एरवी रात्रभर हवा मारून भागत होतं ते भागत नाही. मोजा, अंदाजावर जाऊ नका. आणि अजून एक जे कुठल्या गाइडलाइनमध्ये नीट लिहिलेलं नाही: डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, बिल्डिंगचं पेस्ट कंट्रोल. यात पायरेथ्रॉइड असतात आणि हवेतून कल्चरच्या उघड्या भांड्यात पोचायला त्यांना वेळ लागत नाही. वॉचमन रात्री पॅसेजमध्ये मशीन लावतो आणि सकाळी अर्धं कल्चर तळाला, मग सगळे पाण्याची केमिस्ट्री तपासत बसतात. झुरळांच्या फवारणीची तारीख अ‍ॅडमिनकडून आधी मागून घ्या.

प्रत्यक्ष लावणं सोपं आहे, पटकन सांगतो. निदान पाच कॉन्सन्ट्रेशन, दोन पातळ्यांतला फरक २.२ पटीच्या वर नको, प्रत्येकी २० पिल्लं, शक्यतो चार भांड्यांत पाच-पाच. खाणं नाही, हवा नाही, पीएच जुळवणं नाही. १६ तास उजेड ८ तास अंधार, पूर्ण अंधारही चालतो आणि उजेडात तुटणाऱ्या सॅम्पलला तोच बरा. शेवटी ऑक्सिजन निदान ३ मिलिग्रॅम, पीएच एका टेस्टमध्ये दीडच्या वर हलू नये. अ‍ॅसिटोन वापरलंत तर ऑक्सिजनकडे जरा जास्त लक्ष, बॅक्टेरियांना ते फुकटचं जेवण असतं. पिल्लं उचलायला ड्रॉपरचं तोंड रुंद आणि आचेवर गुळगुळीत केलेलं हवं, आणि सोडताना टोक पाण्याच्या आत. वरून थेंब सोडला की पिल्लाच्या कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि ते पृष्ठभागावर आडवं पडून राहतं, मग ते ना पोहू शकतं ना बुडू शकतं आणि तुम्ही त्याला विषबाधा म्हणून मोजता. असं तरंगणारं पहिल्या तासात दिसलं तर वरून पाण्याचा एक हलका थेंब टाकून खाली ढकला. कंट्रोलमध्ये तरंगणारी दिसत नाहीत आणि वरच्या कॉन्सन्ट्रेशनला दिसतात तर मात्र ते सॅम्पलचं काम असू शकतं, पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा पातळ थर धरलाय का बघा.

मोजणी. इथे लोक घाई करतात. या टेस्टमध्ये मेलेले मोजत नाहीत, न पोहणारे मोजतात. भांडं हलकेच हलवायचं आणि १५ सेकंदांत पोहलं नाही तर इममोबाइल, मग स्पर्शिका हलत असल्या तरी. आता होतं काय, भांडं गोल फिरवलं की पाणी फिरतं आणि पाण्याबरोबर पिल्लूही फिरतं, नवीन माणूस म्हणतो पोहतंय. पाणी थांबू द्या, मग घड्याळ सुरू करा. तळाशी बसून जागच्या जागी टकटक करणारं पिल्लू, एखादी अर्धी उडी मारून परत बसणारं, ही सगळी संशयाची प्रकरणं, आणि एकच माणूस २४ आणि ४८ तासाला मोजत असेल तरच त्यांचा निवाडा एकसारखा होतो. शक्य असेल तर मोजणाऱ्याला भांड्यावरचं कॉन्सन्ट्रेशन दिसू देऊ नका, कोड टाका. २२ लिहिलेलं दिसलं की डोळा आपोआप कडक होतो. आणि लक्षणं लिहून ठेवा, गोल गोल फिरतंय, फिकं पडलंय, वगैरे. दोन रन जुळत नाहीत तेव्हा आकड्यांपेक्षा हे शेरेच उपयोगी पडतात.

आता तुमच्या आयांवर संशय घ्यायचा की नाही हे ठरवायला सोपी परीक्षा आहे आणि तुम्ही तिचं नावही घेतलं नाही, पोटॅशियम डायक्रोमेट. २४ तासांचा ईसी५० ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान यायला हवा. हातमोजे घालून करा, हे सहा संयुजेचं (हेक्साव्हॅलंट) क्रोमियम आहे, कॅन्सर करणारं. लॅबमध्ये ही टेस्ट ठराविक काळाने होतच असेल, त्याचा चार्ट काढा आणि तुमच्या दोन रनच्या आसपासचे आकडे बघा. दोन्ही वेळा १.२-१.३ असेल तर आया निर्दोष, पाणी पकडा. पण एकदा ०.७ आणि एकदा २.० असेल तर दोन्ही ‘रेंजमध्ये’ असूनही तिप्पट फरक पडलाय, आणि तुमच्या सॅम्पलमध्येही जवळपास तेवढाच पडलाय. रेंजमध्ये आहे म्हणून टिक मारून फाइल बंद करणारे इथेच फसतात.

आकडेमोडीचं थोडं. समजा ४८ तासांनी १ मिलिग्रॅमला वीसमध्ये ०, २.२ ला २, ४.६ ला ९, १० ला १८ आणि २२ ला २० इममोबाइल. स्पिअरमन-कार्बर पद्धतीच्या गणिताने ईसी५० साधारण ४.८ येतो आणि ९५ टक्के मर्यादा साधारण ३.९ ते ६.१. म्हणजे चांगल्या चाललेल्या टेस्टमध्येसुद्धा आकड्याला इतकी मोकळीक आहे, त्यामुळे ४.१ आणि ५.५ असं आलं असतं तर मी तुम्हाला घरी जा म्हटलं असतं. ४.१ आणि ११ या मोकळिकीत बसत नाही. प्रोबिट (आकड्यांतून रेघ बसवून ईसी५० काढायची पद्धत) लावायला मधल्या, म्हणजे ० आणि १०० च्या मधल्या, निदान दोन पातळ्या हव्यात. एका पातळीला शून्य आणि लगेच पुढच्याला शंभर असं असेल तर सॉफ्टवेअर काहीतरी आकडा देईलच पण त्यावर जाऊ नका, त्या दोन पातळ्यांचा गुणोत्तर मध्य (जॉमेट्रिक मीन) घ्या आणि त्याच दोन पातळ्या मर्यादा म्हणून द्या. तुमच्या दुसऱ्या रनचं बघा, ईसी५० ११ म्हणजे तो १० आणि २२ च्या मध्ये बसलाय आणि २२ हे विद्राव्यतेच्या वर, म्हणजे निम्मा आलेख अशा बीकरवर टेकलाय ज्यात किती होतं ते कोणालाच माहीत नाही.

सीनियरना हे सगळं कटकट वाटत असेल तर त्यांना वर्गीकरण दाखवा. जीएचएसमध्ये (केमिकलच्या धोक्याचं जागतिक वर्गीकरण) क्रस्टेशियनचा, म्हणजे डॅफ्नियासारख्या कवचधारी प्राण्यांचा, ४८ तासांचा ईसी५० १ पर्यंत असेल तर अ‍ॅक्यूट १, १ च्या वर १० पर्यंत अ‍ॅक्यूट २, १० च्या वर १०० पर्यंत अ‍ॅक्यूट ३. तुमचे दोन आकडे १० च्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत. तिसऱ्या रनमधून मधला निवडणं म्हणजे नाणं उडवून कॅटेगरी ठरवणं. (युरोपच्या सीएलपीत, म्हणजे तिथल्या वर्गीकरण-लेबलच्या नियमांत, अ‍ॅक्यूटची एकच कॅटेगरी आहे, १ किंवा खाली, तिथे या फरकाने लेबल बदलणार नाही, पण पुढे सुरक्षित कॉन्सन्ट्रेशन काढताना तीन अ‍ॅक्यूट टेस्टमधल्या सगळ्यात लहान आकड्याला १००० ने भागतात, तिथे हा फरक जसाच्या तसा उतरतो.) रीचमध्ये (युरोपच्या केमिकल नोंदणीच्या कायद्यात) वर्षाला एक टनापासून ही टेस्ट लागते, म्हणून आपल्याकडून युरोपला माल पाठवणाऱ्या कंपन्या ती करून घेतात. तारापूर, लोटे, महाडकडच्या कारखान्यांना ओळखीची असते ती वेगळी, सांडपाण्याची माशांवरची बायोअसे, ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत ती. क्लायंट कधी कधी दोन्ही एकच समजून बोलतात, त्यांना शांतपणे समजावा.

क्लायंटने ‘मग हे पाण्यातल्या किड्यांना सेफ का’ असं विचारलं तर डॅफ्नियाच्या एका आकड्यावर हो म्हणू नका. इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड कुळातलं कीटकनाशक त्याचं नेहमीचं उदाहरण. डॅफ्निया मॅग्नाचा ४८ तासांचा ईसी५० दहा-दहा मिलिग्रॅमच्या पटीत, साहित्यात ८५ मिलिग्रॅमचा आकडा वारंवार दिसतो, आणि मेफ्लायच्या अळ्या, कायरोनोमसच्या अळ्या मायक्रोग्रॅममध्ये आडव्या. हजारो पटींचा फरक. म्हणून ओईसीडीने २०११ मध्ये कायरोनोमसची ४८ तासांची वेगळी टेस्ट आणली, नंबर २३५, पहिल्या अवस्थेच्या अळ्या वापरून. तुमचं इंटरमीडिएट निओनिकोटिनॉइडच्या कुळातलं असेल किंवा कीटकांच्या नसांवर काम करणारं असेल तर हे स्टडी डायरेक्टरच्या कानावर घाला. आणि आपल्या तळ्यांत भेटतात ते मोइना, सिरिओडॅफ्निया, डॅफ्निया लुमहोल्त्झी, मॅग्नापेक्षा खूप लहान आणि आपल्या उन्हाळ्याला सरावलेले, त्यांचा आकडा मॅग्नासारखाच येईल असं गृहीत धरायचं कारण नाही.

तर आता काय करायचं. दोन्ही रनचे राखून ठेवलेले पाण्याचे नमुने असतील आणि पदार्थ फ्रीजरमध्ये टिकतो हे दाखवलेलं असेल तर ते एचपीएलसीवर चढवा. मोजलेल्या कॉन्सन्ट्रेशनवर, सुरुवात आणि शेवट यांचा गुणोत्तर मध्य घेऊन, दोन्ही ईसी५० परत काढा. कदाचित ४.१ चा ३ होईल आणि ११ चा ४, आणि भांडण मिटेल. नमुने ठेवलेलेच नसतील तर नवीन रन लावा, पण तिसरी म्हणून नाही, वेगळ्या पद्धतीची म्हणून: सॉल्व्हेंटशिवाय, संपृक्त द्रावणापासून, वरची पातळी विद्राव्यतेच्या आत, काचेत, ० आणि ४८ तासाला सगळ्या पातळ्या मोजून, आणि त्याच घाण्याच्या पिल्लांवर शेजारी डायक्रोमेट. स्टडी जीएलपीखाली (लॅबच्या चांगल्या कामकाजाचे नियम) असेल तर आधीच्या दोन रन फाडून टाकता येत नाहीत, त्यांचा कच्चा डेटा फाइलमध्ये राहतो आणि रिपोर्टमध्ये त्या का धरल्या नाहीत ते स्टडी डायरेक्टरला सहीनिशी लिहावं लागतं. ‘कॉन्सन्ट्रेशन मोजलं नव्हतं आणि वरची पातळी विद्राव्यतेच्या वर होती’ हे कारण क्यूए (लॅबमधले गुणवत्ता तपासणारे) मान्य करेल. ‘मधला आकडा बरा वाटला’ हे करणार नाही.